टबाचं बूच

चिकलठाण्याच्या बाजूला आम्ही एक जुनं रो-हाऊस घेतलं, तेव्हा त्याच्या बाथरूममध्ये पांढराशुभ्र बाथटब होता. मागच्या मालकिणीनं तो मोठ्या हौसेनं बसवून घेतला होता. घराची किल्ली देऊन जाताना ती टबाकडंच वळून वळून बघत होती. शेजारच्या वहिनी घर बघायला आल्या आणि म्हणाल्या, "यात एक म्हैस आरामात बसंल की!"

आमच्याकडं म्हैस नव्हती. टबात लोळत आंघोळ करावी एवढं पाणीही नव्हतं. नळ पाच-सहा दिवसांनी एकदा येतो. त्यामुळं आम्ही त्या टबात पाणी साठवायला लागलो. अंगणातल्या नळाला पाइप लावायचा, खिडकीतून टबात सोडायचा आणि नळ उघडा ठेवायचा. पाणी आलं की टब आपोआप भरतो.

मागच्या एप्रिलमध्ये एका सकाळी बघते तर आदल्या रात्री निम्मा भरलेला टब कोरडा ठाक. बूच गळत होतं. हे बूच म्हणजे स्टीलची चकती. दाबली की बंद, पुन्हा दाबली की उघडी. नेमकं त्याच दिवशी दुपारी पाणी येणार होतं आणि नवरा कामासाठी पुण्याला गेलेला. प्लंबरला फोन केला. "टब? ते आपल्याला नाय जमत, ताई," म्हणून त्यानं फोन ठेवला. मग मीच चकती पकडून फिरवायला बसले. अर्धा तास फिरवली. ती गोल गोल फिरत राहिली, पण वर काही येईना.

घरात दुसरं माणूस होतं ते म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. डोळे तपासायला ते आदल्या दिवशीच पैठणहून आले होते. उभा जन्म एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून गेलेला. पण लग्नाला नऊ वर्षं झाली तरी ते माझ्याशी थेट असं कधी बोललेच नव्हते. सुनेशी बोलायची त्यांची रीत वेगळी होती. सासूबाई असल्या तर त्यांच्यामार्फत, नसल्या तर भिंतीकडं बघून. "भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं." कुणी कुणाला म्हणावं, ते मी समजून घ्यायचं.

माझी खाटखूट ऐकून ते बाथरूमच्या दारात आले आणि आरशाकडं बघत म्हणाले, "खालचा दांडा धरून ठेवल्याबिगर वरचं निघत नाय म्हणावं."

"मामा, मला नाही जमत. तुम्हीच बघता का?"

मामांनी आरशात स्वतःचा चेहरा बघितला. मग पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले, टबाचा काठ धरून आत उतरले आणि मांडी घालून बसले. "पकड लागंल म्हणावं. अन् एक फडकं."

मी दोन्ही आणून दिलं. चकतीवर चरे पडू नयेत म्हणून त्यांनी ती फडक्यात गुंडाळली, एका हातानं खालचा दांडा पकडीत धरला आणि दुसऱ्या हातानं चकती डावीकडं फिरवली. दोन आट्यांत ती सुटली. मग दांडाही वर आला आणि त्याच्यासोबत केसांचा एक लांबलचक गुंता. मेंदीनं लाल झालेले केस. मागच्या मालकिणीचे. आम्ही दोघांनी एकाच वेळी नाकं मुरडली.

"हे बघा," मामा तोटीला म्हणाले, "रबर पार वाळून गेलंय."

बुचाखालची रबरी चकती बोटानं दाबताच तुटली. नवी आणायला क्रांती चौकापर्यंत जायला वेळ नव्हता. माझ्या स्कूटीच्या मागं सामान बांधायला जुन्या ट्यूबचा तुकडा होता, तो मी आणला. मामांनी बाटलीचं झाकण ठेवून पेनानं गोल आखला, कात्रीनं कापला, मधोमध भोक पाडलं. एवढ्या निगुतीनं की मी बघतच राहिले. दांडा पुसून, रबर चढवून त्यांनी बूच पुन्हा बसवलं. मी पाना पुढं केला तर हात हलवला. "हातानंच आवळायचं. पान्यानं आवळलं की आटे जातात." या वाक्याला 'म्हणावं' नव्हतं, पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. कारण तेवढ्यात खिडकीतला पाइप फुस्स करून हलला.

पाणी आलं होतं. ठरल्या वेळेआधी दोन तास.

पहिला फवारा मामांच्या पाठीवर बसला. ते उठायला गेले, पण गुडघे मांडीतून सुटेनात. टबाला धरावं तर हात ओले, निसटतात. मी दारात अवघडून उभी. सासऱ्यांचा हात धरायचा की नाही?

"अगं, उभी काय ऱ्हायलीस? धर की हात!"

मी धरला. ओढला. मामा वीतभर वर आले आणि धपकन परत बसले. असं दोन-चारदा झालं, तोवर पाणी कमरेपर्यंत चढलं. मी घाबरून म्हणाले, "मामा, नळ बंद करून येते."

"थांब." त्यांनी वाकून बुचाकडं बघितलं, एका कानानं कानोसा घेतला. "थेंब गळंना!" आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मला मामांचे सगळे दात दिसले. "लई गार हाय गं पाणी. आता भिजलोच हाय, तर साबण दे. अन् दार ओढून घे."

मी साबण दिला, दार ओढलं आणि बाहेर स्टुलावर बसले. आतून घोड्यासारखं फुरफुरणं आणि पाण्याचे सपकारे ऐकू येत होते. नवऱ्याचा फोन आला.

"बाबा काय करतायत?"

"टबात आंघोळ करतायत."

"कोण, बाबा?" त्यानं पुन्हा विचारलं.

मामा पाऊण तासानं, हात निसटू नये म्हणून टबाच्या काठाला टॉवेल गुंडाळून, स्वतःचे स्वतः बाहेर आले. टबातलं सगळं साबणाचं पाणी फरशी धुवायला अन् झाडांना गेलं. पुढचे पाच दिवस आम्ही वहिनींकडून कळश्या आणल्या. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी बूच खराब झालं होतं एवढंच सांगितलं. मामांनी मात्र पैठणला पोचताच सगळं सांगून टाकलं असणार, कारण त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला.

"व्हय गं, पाणी कोणत्या वारी येतंय? मी आदल्या दिवशीच येते."