भरल्या खारका आणि आमचे हुद्दे

चार बायकांचे हात कामात गुंतले की तोंडं मोकळी राहतात, आणि तोंडं मोकळी राहिली की किस्से साठतात. ते कुणी मुद्दाम साठवत नाही. पण आज इतक्या वर्षांनी कुणी नुसती खारीक पुढे केली, तरी मला आधी हसू फुटतं आणि मग खारीक दिसते.

आमची मंडळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, नई सडकेमागच्या गल्लीतली. थंडी पडली की काकूसाहेबांच्या माजघरात खारका भरायला बसायचं. काकूसाहेब म्हणजे आमच्या ह्यांच्या चुलत काकू. त्यांचे यजमान दरबारच्या कोठीवर होते आणि सारणाचं प्रमाण तिथून आलं, असं त्या सांगत. माझ्या सासूबाई, जिजी, पाक करायच्या. शेजारच्या शकूवहिनी भरलेल्या खारकेला दोरा बांधायच्या. सारण मात्र एकट्या काकूसाहेब कालवायच्या, तेही आमच्याकडे पाठ करून.

मी नवी सून, साताऱ्याची. ज्या साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, त्याच साली मी या घरात विलीन झाले. मला काम मिळालं भिजवलेल्या खारकेला उभी चीर देऊन बी काढायचं. सगळ्यात खालचा हुद्दा!

पण खारका अशा व्हायच्या, की आजही सांगताना माझी मान ताठ होते. खसखस, खोबरं, पिस्ते, चारोळी, वर पाकाचा पातळ पापुद्रा. गल्लीतल्या कुठल्याही लग्नात रुखवतात आमच्या खारका नसल्या, तर लोक विचारत, भांडण झालं का म्हणून.

*

आमच्याकडे एक कडक नियम होता. जितक्या खारका, तितक्या बिया वाटीत मोजून दिसल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली तर ती कुठल्या तरी खारकेत राहिली असणार आणि कुणाचा तरी दात जाणार.

एकदा एकशे एक खारका झाल्या आणि बिया निघाल्या शंभर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शपथ घेतली, उपयोग झाला नाही. शकूवहिनींनी बांधलेले सगळे दोरे कापले, एकेक खारीक उघडून पाहिली. बी नाही. मी रडकुंडीला आले.

काकूसाहेब हे सगळं सुपारी चघळत बघत होत्या. दुपारपासून त्यांची तक्रार चालली होती, की आजची सुपारी फारच कडक आहे. जिजींना शंका आली. त्यांनी हळूच म्हटलं, “जाऊबाई, जरा तोंड उघडा पाहू.”

काकूसाहेबांनी तोंडातली वस्तू काढून पाहिली, शांतपणे पाण्याने धुतली आणि वाटीत टाकली. “एकशे एक,” त्या म्हणाल्या. “बरोबर भरल्या. आता काय बघून राहिल्या सगळ्या? परत भरा.”

*

त्या वेळचं सरकारही मोठं मजेशीर. थंडीत राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. आमचे हे आणि शकूवहिनींचे यजमान एकाच दफ्तरात. एकदा इंदूरकडचे एक नवे साहेब अचानक आमच्याकडे चहाला आले. खारका पाकातून काढून नुकत्या वाळल्या होत्या. घाईघाईत बशी भरून बाहेर गेली आणि दोरे काढायचे राहिले.

साहेब फारच सभ्य निघाले. चार खारका दोऱ्यासकट खाल्ल्या, पाणी प्यायले, वा वा म्हणाले आणि गेले. रिकामी बशी आत आली तेव्हा आमच्या लक्षात आलं. शकूवहिनींनी तर देव पाण्यात ठेवले, आता यजमानांची बदली होणार म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा चपराशी दारात. म्हणाला, “साहब पूछ रहे हैं, खारक में सिवइयाँ अंदर भरते हैं, कि ऊपर से लपेटते हैं?”

दोऱ्याच्या शेवया झालेल्या ऐकून शकूवहिनींनी तोंडात पदर कोंबला. काकूसाहेबांनी आतूनच सांगितलं, “ऊपर से.”

*

एका उन्हाळ्यात दफ्तर इंदूरला हललं, तेव्हा काकूसाहेबांनी ह्यांच्यासाठी खारकांचा डबा दिला. दरबारच्या रीतीप्रमाणे लाल कापडात बांधून, चार गाठी मारून. आता दफ्तराच्या कागदांचे बस्तेही लाल कापडातलेच. हमालाने डबा त्यांच्यात चढवला. इंदूरला कुणा हुशार माणसाने त्यालाही नंबर टाकला आणि रेकॉर्डच्या कपाटात ठेवून दिला.

हे तिकडे शोधशोध शोधत होते. महिन्याने कसला तरी जुना कागद हवा म्हणून बस्ते सोडले, तर एकात खारका! सगळ्या दफ्तराने खाल्ल्या. एकही खराब झाली नव्हती.

ह्यांचं पत्र आलं ते काकूसाहेबांनी तीनदा वाचून घेतलं. मग गल्लीभर सांगत सुटल्या, “दफ्तरात एक तर चीज अशी निघाली, जी महिनाभर पडून राहून खराब नाही झाली.”

*

फाळणीनंतर सिंधकडची बरीच कुटुंबं ग्वाल्हेरला आली. त्यांतल्या देवीबाई आमच्या समोरच्या घरात वरची खोली घेऊन राहिल्या. एकटी बाई, तोंडाने गोड, हाताने चलाख. एकदा त्यांनी ताटलीभर मऊ खजूर आणून दिला. बी काढून तिच्या जागी अख्खा बदाम दाबलेला. ना पाक, ना दोरा.

काकूसाहेबांनी एक खजूर उचलून पाहिला. “ये क्या,” त्या म्हणाल्या, “एक बीज निकाला और दूसरा रख दिया!” ताटली त्यांनी तशीच परत पाठवली. मला फार वाईट वाटलं.

पुढे दर गुरुवारी दुपारी काकूसाहेब देवळात जायला लागल्या. एका गुरुवारी शकूवहिनींना काकूसाहेब देवीबाईंच्या जिन्यावर बसलेल्या दिसल्या, मांडीवर तीच ताटली. संध्याकाळी जिजींनी विचारलं, दर्शन झालं का नीट. काकूसाहेब म्हणाल्या, “प्रसाद चांगला होता.”

त्या थंडीपासून देवीबाई आमच्यात बसू लागल्या. त्यांना काम मिळालं पिस्ते कापायचं. माझ्यापेक्षा वरचं!

*

आता खरं सांगते, हे माझ्या मनाला लागलं. आठ वर्षं मी बिया काढत होते. नखं काळी, बोटांना चिरा. मला सारण शिकायचं होतं. माझ्या मुलीने उद्या विचारलं, तर काय सांगू? आई फक्त बिया काढायची?

त्याच सुमारास दफ्तरात ज्येष्ठतेच्या याद्यांचा धुमाकूळ चालला होता. कोण कुठल्या संस्थानातून आला, कुणाची नोकरी किती धरायची, कोण कुणाच्या वर. शकूवहिनींच्या यजमानांना यादीत खाली टाकलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. मीही हिंमत केली. खारका भिजत पडल्या होत्या, सगळ्या बसल्या होत्या. म्हटलं, काकूसाहेब, आठ वर्षांची सेवा झाली, मला सारणाला घ्या.

काकूसाहेबांनी चष्मा वर केला. “तुझी सेवा कुठली?”

म्हटलं, माहेर साताऱ्याचं, पण सेवा तर इथलीच.

“मतलब बाहेरच्या संस्थानातून आलेली,” त्या म्हणाल्या. “बाहेरच्यांची यादी बाद में लागते.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मागे नळावर जाऊन रडले.

*

पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत संपला, मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळला. ह्यांच्या दफ्तराला हुकूम आला आणि आम्ही सामान बांधलं. जिजीही आमच्याबरोबर निघाल्या. शकूवहिनींच्या यजमानांनी तब्येतीचं कारण देऊन गावाशेजारच्या मुरारला बदली मागून घेतली. मंडळी फुटली.

निघताना पाया पडले आणि पुन्हा एकदा विचारलं. काकूसाहेब म्हणाल्या, “सरकारी क्वार्टरात काय खारका भरणार? इथून पाठवीन.” मी तशीच टांग्यात बसले. राग होता, आणि त्या राहणार एकट्या, याचं वाईटही वाटत होतं.

भोपाळच्या क्वार्टरांत सगळीकडच्या बायका. कुणी इंदूरची, कुणी नागपूरकडची, कुणी रीव्याची. ठरलं, संक्रांतीला प्रत्येकीने आपल्या गावची खासियत करायची. इंदूरकरीण आपल्या गावच्या फराळाचं कौतुक सांगायला लागली. माझा ग्वाल्हेरी अभिमान उसळला. ठणकावून सांगितलं, आमच्या भरल्या खारका खाल, तर बाकी सगळं विसराल.

घरी येऊन सारण कालवलं. भुगा झाला. दुसऱ्यांदा कालवलं, लगदा झाला. जिजींनी पाक उत्तम केला, पण पाकात घालायचं काय? रडत रडत काकूसाहेबांना कार्ड लिहिलं. सारण विचारलं नाही. फक्त लिहिलं, की संक्रांतीला इथे ग्वाल्हेरची लाज जाणार आहे, आणि ती माझ्या हातून.

आठव्या दिवशी दारात टांगा. उभ्या जन्मात मुरारच्या पलीकडे न गेलेली बाई, सोबतीला देवीबाईंना घेऊन, खाली उतरत होती. हातपाय धुतले, चहा नको म्हणाल्या, सरळ स्वयंपाकघरात आल्या. “कर,” म्हणाल्या. “मी बघते.”

मी सारण कालवलं. या वेळी पाठ कुणी केली नाही. काकूसाहेबांनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि सांगितलं, खोबरं भाजून पुरतं गार होऊ दे, मग साखर घाल. खसखस आधी कुटून घे. बस, एवढंच. आठ वर्षं जे मागत होते, ते एवढंच होतं! पुन्हा कालवलं. सारण मुठीत धरलं तसं राहिलं.

तेवढ्यात इंदूरकरीण क्वार्टरातल्या आणखी दोघींना घेऊन डोकावली. काय चाललंय, हे बघायलाच आली होती. मी मधे बसून खारका भरत होते, देवीबाई दोरा बांधत होत्या, जिजी पाकाशी. आणि भिंतीला टेकून, मांडीवर वाटी घेऊन बसलेल्या काकूसाहेब.

इंदूरकरीण त्यांच्याकडे बघून म्हणाली, “या कोण? तुमच्या सासूबाई का?”

मी तोंड उघडायच्या आत काकूसाहेबांनी खारकेला उभी चीर दिली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी हिच्याकडे बिया काढायला आहे.”