कडक उपास

आमच्या कोपरखैरण्यात जाड मुलीला कुणी जाड म्हणत नाही, खात्यापित्या घरची म्हणतात आणि वर हसतात. दहावीच्या सुट्टीत चुलतभावाच्या हळदीला मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, तेव्हा आत्या भर मांडवात म्हणाली, "काय गो, घरान बाकीच्यांना जेवान उरतं का नाय?" सगळी पंगत हसली. आईसुद्धा हसली. तिच्या त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

जेवायचं नाही म्हटलं की घरात शंभर प्रश्न. उपास आहे म्हटलं की एकही नाही. मी आधी गुरुवार धरला, मग सोमवार, मग शनिवार, मग मंगळवारही. साबुदाणा नको, कडक करते, असं सांगायला लागले आणि कौतुकाला नुसता ऊत आला. सोसायटीतल्या बायका आपापल्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. देवाशी माझा काही संबंध नव्हता. त्या घरात माझं ऐकणारं एकच होतं, माझं पोट.

पुढे पाळी थांबली, केस मूठमूठ जायला लागले, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आईने शेजारणीला सांगितलं, पोरीच्या चेहऱ्यावर तेज आलंय. कॉलेजात चक्कर येऊन पडले तेव्हा कुठे दवाखाना दिसला. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून नीट सांगितलं, हा उपास नाही, आजार आहे. हिच्या मनात जेवणाची भीती बसली आहे. चारचौघांतली थट्टा, नंतरचं कौतुक आणि हिचा हट्टी स्वभाव, सगळ्यांनी मिळून ती बसवली आहे. असंच चाललं तर हृदय थांबेल. आई रडत होती, मान हलवत होती. मला वाटलं, समजलं एकदाचं.

पुढच्या सोमवारी तिने मला डाळभात वाढला आणि समोर येऊन बसली. तिने स्वतःला काहीच घेतलं नव्हतं. मी विचारलं, "आणि तू?"

"तू जेवाला लागावीस म्हनून मी सोमवार धरलेत," ती म्हणाली. "कडक."

संताप आला. ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या संतापाच्याही आधी मला तिचा हेवा वाटला. तिला आता कुणी जेव म्हणणार नव्हतं.