घासलेली पावली

पावली माझ्या घशात आडवी बसली तेव्हा विहीणबाईंचं तोंड उघडंच राहिलं आणि माझंही. फरक एवढाच, की त्यांना बोलता येत होतं.

"गिळली का वो?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. पावली म्हणजे जुने चार आणे. चांदीचे, राजाच्या तोंडाचे, बोटाच्या पेराएवढे. श्वास येत-जात होता, पण थुंकी गिळता येत नव्हती. माझी सून धावली आणि तिनं माझ्या पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली. पहिले दोन काळजीपोटी होते. पुढचे मला तरी मागच्या हिशोबातले वाटले.

विहीणबाई, म्हणजे याच सुनेची आई, चुलीकडून भाताचा गोळा घेऊन आल्या. "चावू नका. तसाच ढकला."

दुसऱ्या गोळ्याला पावली हलली. छातीत मधोमध जरा थांबली आणि खाली गेली. कुठवर पोचली ते मला आतून कळत होतं.

"गेली," मी म्हणाले.

"मंग आता तुमचीच झाली," विहीणबाई म्हणाल्या. "नापसंत हाय म्हणून परत द्यायची सोय न्हाई."

ही पावली मी विकत घ्यायला गेले होते. माझ्याकडे पावल्यांची माळ आहे, ती नातीला लग्नात घालायची होती. मधली एक पावली कधीच पडून गेली होती आणि बरोबर गळ्याच्या मधोमध जागा मोकळी दिसायची. नवरीच्या अंगावरचं काय ते नवऱ्याकडच्या बायका हातात धरून बघतात. पडक्या दातासारखी माळ घालून मी नातीला उभी करणार नव्हते. लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

आधी एक पावली मी नारायणगावच्या बाजारात घेतली होती. चकाकत होती म्हणून भुलले. मंचरच्या सोनारानं कडी लावायला तिच्यावर आच धरली, तर वरची चांदी पापडासारखी फुगली आणि खालून पितळ निघालं. सोनार हसला नाही, म्हणून मला जास्त राग आला.

त्या दिवसापासून मी चकाकणारं नाणं घेत नाही. जुनं नाणं घासलेलं आहे का ते आधी बघायचं. घासून चमकवलेलं असेल तर त्यात काय दडवलंय ते कळत नाही. आणि खरं असलं तरी माझ्या कामाचं नाही, कारण माझी माळ अंगाच्या तेलानं न् घामानं तव्यासारखी काळी पडली आहे. तिच्यात एकच पांढरी पावली लावली तर लोक माळ बघणार नाहीत, तेवढी पावलीच बघतील.

ओळखायला अवघड नसतं. न घासलेल्या नाण्यावर राजाचं नाक न् गाल झिजून करडे होतात आणि अक्षरांच्या फटीत काळं बसलेलं असतं. घासलेलं नाणं वर-खाली सगळीकडे सारखंच पांढरं. उन्हात तिरकं धरलं की बारीक ओरखडे दिसतात, तारेच्या घासणीनं घासलेल्या ताटावर दिसतात तसे. काही लबाड काजळी न् तेल लावून काळं करतात, ते अंगठ्यानं पुसलं की अंगठ्याला येतं. खरा काळेपणा अंगठ्याला येत नाही. एवढं करूनही शंका राहिली, तर मी जीभ लावते. काठाच्या खाचांत चिंच राहिली असेल तर आंबट लागते, राख असेल तर करकरते.

विहीणबाईंकडे त्यांच्या आईची एक पावली आहे असं सुनेनं सांगितलं. फुकट घ्यायची नाही हे मी घरातूनच ठरवून निघाले. विहिणीची वस्तू फुकट आणली की तिच्यावरून जन्मभर ऐकावं लागतं. त्यांचं घर डिंभ्याच्या पुढं, डोंगराला लागून. कळंबहून निघालेल्या आम्ही दोघी सासू-सुना एसटीची वाट बघून बघून शेवटी जीपनं पोचलो.

विहीणबाईंनी पावली वाटीत आणली. खाली हळद-कुंकू, वर पावली, आणि पावली अशी पांढरी की स्टीलच्या वाटीनं लाजावं. मला बघताक्षणी कळलं. पण विहिणीला तोंडावर कसं म्हणायचं?

"घासली का वो?" मी तरी विचारलंच.

"छ्या! आमच्याकडं समदंच असं ऱ्हातं. आमी कुटंबी लोळत ठिवत न्हाई."

हा टोमणा माझ्या घराला होता. मी पावली उचलली, उन्हात नेली, तिरकी धरली. ओरखडे होतेच. मग जिभेवर ठेवली. गारेगार लागली. दात घासायची पेस्ट!

सून दाराआडून डोळ्यांनी नको नको म्हणत होती. विहीणबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"ईनबाई, पावली चाटून बघताय व्हय? आमची पोरगी नेली तवा न्हाई चाटून बघितली!"

मला हसू आलं. जिभेवर पावली ठेवून हसायचं नसतं, पण हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

भाताचे गोळे झाल्यावर त्यांनी खरं सांगितलं. पावली तव्यासारखीच काळी होती. विहीण घरी येणार, तिच्या हातात काळंकुट्ट नाणं कसं द्यायचं, म्हणून आदल्या दिवशी पेस्ट लावून ब्रशानं घासली. "मानानं द्यायची वस्तू," त्या म्हणाल्या. मला हवी होती तशीच ती होती, आणि माझ्या मानापायीच बिघडली.

मंचरच्या डॉक्टरनं पोटाचा फोटो काढला. त्यात पावली स्पष्ट गोल दिसली.

"आपोआप पडेल आजी. लक्ष ठेवा."

"कुठं ठेवू?"

डॉक्टर पोरगेलासा होता, तो कानापर्यंत लाल झाला. मला कळलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

पुढचे दिवस मी संडास सोडून डबा घेऊन पडीक रानात जात होते आणि येताना हातातली काठी धूत होते. सून म्हणाली, "आई, मी बघू का?" मी म्हटलं, पाठीत घातलेस ते बास झालं. रोज सकाळी डिंभ्याकडून फोन यायचा.

"निघाली का वो?"

"न्हाई."

"मेल्यावर तोंडात सोनं घालत्यात. तुमी जित्तेपणीच चांदीवर भागवलं."

शेवटी पडली. मी ती बंबातल्या कडक पाण्यानं धुतली आणि उन्हात बघत बसले. काळी होती. पोटानं ती राजाच्या नाकापासून काठाच्या खाचांपर्यंत पक्की काळी केली होती. अंगठा घासला, अंगठ्याला काही आलं नाही. माळेशेजारी ठेवली तर बहीण-बहीण दिसत होत्या. जीभ मात्र लावली नाही.

सोनारानं ती भिंगाखाली धरली आणि बराच वेळ फिरवली.

"आजी, ही चांगली मिळाली. हिला कुणी हात लावलेला नाही. जन्मात कधी घासलेली नाही."

"हात न्हाई लावला," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

कडी लावताना काठाला जरा पांढरं झालं. तो तेजाबात बुडवून सगळी उजळून देतो म्हणत होता, मी त्याच्या हातातून माळ ओढून घेतली.

नातीला मी सगळं सांगितलं. ती "ई आजी!" करून ओसरीवर पळाली. संध्याकाळी परत आली आणि विचारलं, धुतलीस ना नीट? सोनारानं जाळ लावलाय म्हटल्यावर तिनं आरशासमोर माळ गळ्यात धरून पाहिली. लग्नात ती घालून उभी राहिली. नवऱ्याकडच्या बायकांनी हात लावून लावून बघितली. एकीनं मधलीच पावली दोन बोटांत धरली, तेव्हा विहीणबाई पदर तोंडात कोंबून मांडवाबाहेर गेल्या.

ती पावली मी गिळली होती. मला काही झालं नाही, त्यांना नुसता हात लावून काय होणार?