रडत नाही म्हणून

भाची सव्वा वर्षाची होती. उंद्रीला, बहिणीच्या सासरी, ती तापाने आजारी असल्याचं कळून मी गेलो, तेव्हा तिचं रडणं थांबलं होतं आणि घरात त्याचंच समाधान होतं. बहिणीचे जेठ, म्हणजे थोरले दीर, निवृत्त मुख्याध्यापक. रात्रभर पोरीने हैराण केलं, आता कशी गुणाने पडली आहे, असं ते मला सांगू लागले. आयुष्यभर वर्गात जो गप्प बसला त्याला त्यांनी शहाणा ठरवलं. दुसरं मोजमाप त्यांना ठाऊकच नव्हतं.

बहिणीने तिला उचललं तर मान मागे लुळी पडली. डोळे अर्धवट उघडे होते, पण आईच्या चेहऱ्यावर ठरत नव्हते.

"दादा, पोरगी माह्याकडे पाहून नाही राह्यली."

जेठ हसले. "एवढ्याशा लेकराले काय समजते, कोण माय अन् कोण मावशी? पाव्हणे, तुम्ही आपले पुस्तकं वाचा."

मग सासूबाईंनी दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. धुराने आम्ही सगळे खोकलो. जेठ तर डोळे पुसत अंगणात गेले. मांडीवरच्या पोरीची पापणीही हलली नाही. त्यावरून सासूबाईंनी निकाल दिला, की दृष्ट उतरली, लेकरू निवांत झालं. घरातल्या दोन पदवीधरांनी माना डोलावल्या.

मी गाडी काढली. जेठही बसले; घरचा मोठा माणूस सोबत हवा म्हणे.

खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या कानाजवळ टाळी वाजवली, पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं. पाय जरासा आखडला, पण रडणं आलं नाही. मग त्यांनी बहिणीला विचारलं, तुझ्याकडे बघून हसते का, आवाजाकडे वळते का, कडेवर घेतल्यावर शांत होते का. बोलता न येणाऱ्या लेकराची शुद्ध अशीच पाहावी लागते.

बहीण बोलायच्या आत जेठ म्हणाले, "सकाळपासून एकदम शांत आहे, मॅडम." कौतुकानेच म्हणाले.

"म्हणजे सकाळपासून शुद्धीवर नाही," बाई म्हणाल्या.

ताप मेंदूपर्यंत पोचला होता. पोर वाचली नाही.

बसायला येणाऱ्या प्रत्येकाला जेठ ऐकवत होते, की लेकराने शेवटी कोणालाच त्रास दिला नाही. लोकही हळहळत हो म्हणत. भिंतीला टेकून बसलेली बहीण एकदा मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तरास देत होती तवा जित्ती होती थे."

जेठांनी आलेल्यांना चहा घ्यायला सांगितलं.