झाकलेली पाच कणसं

पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगताना मी चुकतो. बायको म्हणते, तुमच्या आतल्या फायलींना वाळवी लागली. पण ज्वारीची पाच कणसं चोरीला गेली होती, ते प्रकरण मात्र वाळवीनं सोडलं आहे. भिंगारच्या घरी दुपारी खुर्चीत डोळा लागला की मी हमखास त्याच रानात जाऊन उभा राहतो.

मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक होतो. हद्दीत साखर कारखाना होता, आठवडे बाजार होता, आणि शेतीचं एक जुनं सरकारी विद्यापीठ होतं. मी श्रीगोंद्याकडचा. पदवी घेतली ती बाहेरून, नोकरीत राहून. वर्गात बसणं, वसतिगृहात राहणं, झाडाखाली गप्पा मारणं नशिबी आलं नाही, त्यामुळे त्या आवाराची मला भुरळच पडली होती. बंदोबस्ताचं निमित्त काढून मी जीप आत घ्यायला सांगायचो. फाटक ओलांडलं की रस्त्याचा आवाज मागे राहायचा. दुतर्फा जुनी झाडं, दगडी इमारती, आणि त्यांच्या मागे नजर पोचेल तिथवर आखून काढलेली रानं. कुठंतरी तासाची घंटा व्हायची आणि सायकलीवरून जाणाऱ्या पोरापोरींना कसलीच घाई नसायची. ड्रायव्हर म्हणायचा, "साहेब, इथं आलं की तुम्ही जागेपणी झोपता." खोटं नव्हतं ते.

थंडी सरत आली होती. एका सकाळी तिथले एक प्राध्यापक ठाण्यात आले. सोबत त्यांची विद्यार्थिनी होती, पाथर्डीकडची, पीएच.डी. करणारी. तिचे डोळे सुजलेले होते. प्राध्यापकांनी ठाणे अंमलदाराला सांगितलं की प्रयोगाच्या रानातून ज्वारीची पाच कणसं चोरीला गेली आहेत. अंमलदारानं पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे मोटारी जातात, म्हशी जातात. पाच कणसांची चोरी त्यानं प्रथमच ऐकली होती.

"मुद्देमालाची किंमत काय लिहू?" त्यानं विचारलं.

मुलीनं खुर्ची पुढे ओढली. मग तिनंच समजावून सांगितलं. पावसानं ओढ दिली तरी तग धरील असं ज्वारीचं वाण ती तयार करत होती. गेली काही वर्षं दर हंगामाला निवड करत करत आली होती. यंदा त्या रानाला मुद्दाम पाणी दिलं नाही. सगळी ताटं माना टाकून आडवी झाली, फक्त पाच उभी राहिली. त्या पाचांची कणसं तिनं फुलोऱ्याआधीच कागदी पिशव्यांत झाकली होती, म्हणजे शेजारच्या ज्वारीचे परागकण त्यांत येऊ नयेत. जगात त्या वाणाचं बी तेवढंच होतं. ते गेलं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"आमच्याकडं दरसाल ज्वारी जळते साहेब," ती म्हणाली. "वडील म्हणतात, तू शिकून आलीस की बघू. मी आता काय घेऊन जाऊ?"

अंमलदारानं किमतीचा रकाना कोरा ठेवला. प्राध्यापकांना एका मुलाचा संशय होता. तोही त्यांच्याच हाताखाली संशोधन करत होता, आणि महिन्यापूर्वी प्रयोगाच्या जागेवरून त्याचं तिच्याशी चांगलंच वाजलं होतं. मी गुन्हा लगेच दाखल न करता अर्ज चौकशीवर ठेवला. शिकणाऱ्या पोराच्या नावावर एकदा गुन्हा लागला की तो आयुष्यभर पुसत नाही. तो डाग आम्ही हातानं लावायचा, तर आधी हात धुऊन घेतलेले बरे.

त्याच दुपारी खबर आली. फाटकाबाहेर चहाची टपरी चालवणारा आमचा जुना खबऱ्या. फोनवर म्हणाला, "सायेब, हॉस्टेलची पोरं परवा सांजच्याला कालव्याच्या कडंला हुरडा भाजत हुती. ज्वारी आतलीच हाय. तो तुमचा संशोधनवाला बी हुता त्यांच्यात."

सगळं जुळत होतं. बीट हवालदार चार पोरांना घेऊन आला. त्यांना मी वेगवेगळं बसवलं आणि आधी तासभर नुसतं बसू दिलं. खोटं बोलायची तयारी करून आलेल्या माणसाला वाट पाहायला लावली की तयारी घाम होऊन निघून जाते, हा माझा अनुभव. शेवटी त्या संशोधन करणाऱ्या मुलाला समोर घेतलं.

"हुरडा खाल्ला?"

"खाल्ला साहेब."

"कुणाच्या रानातला?"

"विद्यापीठाच्याच. पण दुसऱ्या रानातला, उशिरा पेरलेला. साहेब, त्याची काय ती शिक्षा करा."

"आणि पिशवीतली कणसं?"

आतापर्यंत खाली बघणाऱ्या त्या पोरानं मान वर केली. त्याला राग आला होता, आणि खरा राग मला ओळखता येतो. "तिच्याशी माझं भांडण आहे. मी तिच्याशी बोलतही नाही. पण पिशवी घातलेल्या कणसाला आमच्यातलं कुणी हात लावत नाही साहेब. त्यात कुणाची तरी वर्षं असतात. आणि ती कणसं पिकून कडक झाली होती. हुरडा कोवळ्या दाण्यांचा होतो, पक्क्या ज्वारीचा कसा होईल?"

मी शेतकऱ्याच्या घरचा, आणि एवढी साधी गोष्ट मला त्या पोरानं आठवून द्यावी. मी चौघांना चहा पाजून सोडलं. प्राध्यापक नाराज झाले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागल्यावर त्या मुलीला घेऊन मी स्वतः त्या रानात गेलो. शेजारच्या प्रयोगात झाकलेली पुष्कळ कणसं उभी होती. वाऱ्यावर त्या पिशव्या सळसळत होत्या, जणू प्रार्थनेला उभी राहिलेली पांढऱ्या टोप्यांतली शाळकरी पोरं. पलीकडे उघड्या ज्वारीवर चिमण्यांचे थवे बसत होते आणि उठत होते. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. मुलीनंच हळूच विचारलं, "साहेब, बघायचं ना?"

पाच ताटं मोकळी उभी होती. विळ्याचा काप स्वच्छ होता, आणि कणसासोबत वीतभर देठही कापून नेलेला होता. खायला नेणारा कणीस खुडतो, देठ कशाला नेईल? मग बांधाकडेला एका चपट्या दगडाखाली काहीतरी पांढरं दिसलं. दगड उचलला. खाली त्या पाच कागदी पिशव्या होत्या, नीट घडी घातलेल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दाबून ठेवलेल्या.

एवढ्या नोकरीत मी घडी घालणारा चोर पाहिला नव्हता. कणसं आपली आणि पिशव्या विद्यापीठाच्या, असा कुणीतरी हिशेब केला होता. आणि देठाचं कोडंही तिथंच सुटलं. आमच्या घरी आई सुगीची पहिली कणसं अशीच वीतभर देठानं कापायची, कारण त्यांची जुडी बांधायची असते. जुडी देवाला लागते.

बांधाबांधानं आम्ही कालव्याकडे चालत गेलो. तिथं कडुलिंबाखाली शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा, पाण्याच्या देवी. हळदकुंकू ताजं होतं, नारळाची करवंटी होती, आणि दगडांपुढे ज्वारीचे थोडे दाणे सांडले होते. मुलीनं खाली बसून एक दाणा उचलला, उन्हात धरला. "माझाच आहे," ती म्हणाली, आणि तो मुठीत घट्ट धरला.

पहाऱ्यावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, कालव्यापलीकडच्या वस्तीवरची माणसं वर्षातून एकदा पूजेला येतात. पूर्वी हे रान त्यांचंच होतं. विद्यापीठ झालं तेव्हा जमीन गेली, पण दगड हलवले नाहीत. तेव्हाच्या कुणा साहेबानं शब्द दिला होता की पूजेला आणि पाच कणसांना कुणी आडकाठी करणार नाही. साहेब गेले, शब्द राहिला.

वस्तीवर एक म्हातारी ओट्यावर बसून तूर निवडत होती. माझ्या गणवेशाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. दारातून आत आढ्याला टांगलेली जुडी दिसत होती. मोत्यासारखी पाच कणसं. मुलगी माझ्यामागून वाकून ती मोजत होती.

"आजी, ती कणसं कुठनं आणली?" मी विचारलं.

"आमच्या रानातनं."

"ते रान आता विद्यापीठाचं आहे."

"असंल. आसरांना ठावं न्हाई ते." तिनं सूप बाजूला ठेवलं. "दरसाल आनतो, चोरून न्हाई आनत. औंदा समद्या रानात पाखरं बसल्याली, कनसं उष्टी केल्याली. देवीला उष्टं चालत न्हाई. आसरांच्या तुकड्यात तेवढी पाचच झाकून ठेवल्याली दिसली. म्हनलं, सरकारला बी अक्कल हाय. देवीसाठी राखल्यात."

"ती देवीसाठी नव्हती, आजी."

"पाचच लागत्यात, अन् पाचच ठेवल्याली. मंग कुनासाठी हुती?"

कायद्यानं मी मुद्देमाल जप्त करू शकत होतो. दोन पंच बोलवायचे, पंचनामा करायचा, जुडी सोडून सीलबंद करायची. तसं म्हणालोही. म्हातारी शांतपणे म्हणाली, "न्या. वर्दी तुमची हाय. पन देवीपुढं ठेवल्यालं बियानं हाय ते. ते खात न्हाईत, इकत न्हाईत. फुडच्या पेरनीला आपल्या बियान्यात मिसळायचं असतंय, मंग रान बरकत देतं. दुसरं कायबी करायचं न्हाई त्याचं."

तेवढ्यात ती मुलगी पुढे झाली आणि म्हातारीसमोर जमिनीवर बसली. "आजी, मला पण पेरायलाच पाहिजेत. दुसरं काही करणार नाही."

"कुठं पेरनार?"

"त्याच रानात. तुमच्या."

"तुमच्या" हा शब्द त्या ओट्यावर कितीतरी वर्षांत बाहेरच्या माणसानं उच्चारला नसावा. तूर तशीच टाकून म्हातारी उठली. तिनं सुनेला हाक मारून जुडी खाली काढायला लावली, हळदकुंकवाचा करंडा मागितला. मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "वटी पसर पोरी."

मुलीनं ओढणी पसरली. पाचही कणसं म्हातारीनं तिच्या ओटीत घातली. मुलगी रडत होती आणि मला माझी टोपी नीट करायचं काम अचानक निघालं. निघताना तिनं प्रत्येक कणसातले थोडे दाणे चोळून म्हातारीच्या ओंजळीत टाकले. जे बी जगात कुठंच नव्हतं, ते आता दोन घरी झालं.

ओटीत आलेला मुद्देमाल कोणत्या रकान्यात लिहायचा, हे मला खात्यानं शिकवलं नव्हतं. "वस्तू मिळून आली, अर्जदाराची तक्रार नाही," असं लिहून अर्ज दप्तरी दाखल केला. प्राध्यापकांनी त्या संशोधक मुलाला माझ्यासमोर बोलावून त्याची माफी मागितली, हेही सांगायला हवं.

चोरानं काय नेलं याच्याच मागे आम्ही पोलीस धावतो. काय ठेवून गेला ते आधी बघावं, हे मी त्या घडी घातलेल्या पिशव्यांकडून शिकलो. त्याहून मोठी गोष्ट त्या मुलीकडून शिकलो. हक्क सांगून जे मिळालं असतं, ते तिनं मागून मिळवलं, आणि मागताना समोरच्याचं जे होतं ते आधी त्याला देऊन टाकलं.

ती आता त्याच विद्यापीठात शिकवते. तिच्या वडिलांच्या रानात ती ज्वारी उभी आहे. दर हिवाळ्यात ती मला फोन करते आणि मी भिंगारहून एसटीनं जातो. झाडांचा रस्ता तसाच आहे, घंटा तशीच होते. प्रयोगाच्या रानात ती दरसाल पाच कणसं जास्तीची झाकते. त्यांची नोंद कुठं करत नाही.

म्हातारी गेल्या वर्षी वारली. यंदा गेलो तेव्हा मनात धाकधूक होती की आता कोण येणार. आम्ही दोघं बांधावर पोचलो. पाच ताटं मोकळी उभी होती, कणसं वीतभर देठासकट कापून नेलेली. मुलगी वाकली आणि तिनं चपटा दगड उचलला. खाली पिशव्या होत्या, नीट घडी घालून ठेवलेल्या.