लग्नसराईतलं रेकॉर्डिंग

सोनपेठात सांबप्पा शेटे यांचं कापडदुकान कोणीही दाखवील. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची मुलगी वैजयंती गाणी रेकॉर्ड करते, हे मात्र गावातल्या पुष्कळांना अजून खरं वाटत नाही. तिच्याकडे येणाऱ्या बँडवाल्यांना गिटार डोक्यावर धरून साड्या बघणाऱ्या बायकांमधून वाट काढावी लागते. एका कीबोर्डवाल्याला तर सांबप्पांनी गादीवर बसवून शर्टपीस दाखवले होते, आणि तो बिचारा संकोचापोटी घेऊनही गेला.

वैजयंती हे काम पुण्यात शिकली. तिथल्या स्टुडिओत जाहिरातीत बोलणाऱ्यांचे श्वास आणि खोकले कापून टाकायचं काम तिच्याकडे असे. आई गौराबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती घरी आली. एक दिवस मागच्या खोलीतून कापडाचा ताका आणायला गेली असता तिला शिंक आली. शिंक जागच्या जागी विरली, जराही घुमली नाही. चारी भिंतींना आढ्यापर्यंत कापड लागलेलं होतं: चादरी, सतरंज्या, धोतरजोड्या, लुगडी. पुण्यात अशी शांतता मिळवायला भिंतींना फोम चिकटवतात. इथं मांजरपाटानं ते काम आपसूक केलं होतं. वैजयंती पुन्हा पुन्हा टाळ्या वाजवून बघू लागली. आरती लागली काय, असं गौराबाईंनी बाहेरून विचारलं.

अप्पांनी, म्हणजे सांबप्पांनी, खोली दिली ती एका अटीवर. आतला माल मागायला गिऱ्हाईक आलं की गाणं थांबलं पाहिजे. वैजयंतीनं ते कबूल केलं आणि बघता बघता सेलू, मानवत, गंगाखेडची पोरं आपापली गाणी घेऊन तिच्याकडे येऊ लागली.

त्यातलाच एक होता पिंगळीचा महारुद्र. घरची शेती बघून गाणी रचायचा. ढोलकीवर त्याचा मित्र सिद्धोधन. दोघांनी बँडचं नाव ठेवलं होतं ‘बोंडअळी’. ते ऐकून अप्पांनी कापड मोजायचा गज खाली ठेवला. “असलं नाव कोन ठेवतंय? लोक फवारणी करतील तुमच्यावर.”

त्यांचं गाणं होतं देवगाव फाट्यावर बस चुकलेल्या माणसाचं:

हात केला, टोपी हलवली, उडवला रुमाल
बस गेली नाकासमोरून, धुराळ्यानं लाल

संक्रांतीनंतर अर्धं गाणं झालं. मग महारुद्रच्या हरभऱ्याची काढणी आली, सिद्धोधनची परीक्षा आली, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दोघं परत आले ते ऐन लग्नसराईत.

महारुद्र गायला. वैजयंतीनं जुनं आणि नवं जोडून ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. पहिल्या अर्ध्यात माणूस कानाशी बोलत होता, दुसऱ्या अर्ध्यात तोच माणूस विहिरीत पडल्यासारखा वाटत होता. तिनं माईक बदलला, वायर बदलली, शेवटी महारुद्रचा घसा बसलाय असं ठरवून त्याला मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला धाडलं. तो रुसून परसात गेला. खोली बदलली असेल हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण वैजयंती कानाला हेडफोन लावून सारखी पडद्याकडेच बघत होती. सहज मान वर केली तेव्हा तिला भिंती दिसल्या. नुसत्या भिंती. कप्पे रिकामे होते. लग्नसराईनं तिचा स्टुडिओ विकत नेला होता.

ती बाहेर येऊन अप्पांना म्हणाली, की सतरंज्या तरी ठेवायच्या होत्या. अप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं दुकानाला कुलूपच लावायला सांगितलं होतं. “औंदा सीझन लय चांगला गेला वैजू,” ते समाधानानं म्हणाले. नवा माल पावसाळ्यानंतरच येणार होता.

एवढ्यात दारात टेम्पो थांबला. शेजारच्या खेड्यातलं एक अख्खं घराणं लग्नाचा बस्ता बांधायला आलं होतं, आणि सगळ्यांच्या पुढे होती नवऱ्या मुलाची आत्या, दगडाबाई. समोरची दालनं बघून झाल्यावर ती थेट मागच्या खोलीत शिरली, कारण कूलर तिथं होता. तिच्या मागोमाग सगळी मंडळी आली आणि ऐसपैस बसली. वैजयंती त्यांना उठवायला गेली, पण तोंड उघडताच थबकली. तिचा स्वतःचा आवाज घुमला नव्हता. इतकी माणसं, इतकी लुगडी, इतके पदर. खोली पुन्हा भरली होती.

तिनं महारुद्रला परसातून बोलावलं, तो येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग तिनं मंडळींना हात जोडून सांगितलं, की एक गाणं होईपर्यंत गप बसा, आणि कूलर तेवढा बंद करावा लागंल. दगडाबाईनं विचार केला. “बसतो आमी. पन त्यानं आमच्याकडं तोंड करून गावं. भितीला काय ऐकवायलाय?”

महारुद्र आजवर नेहमी भिंतीकडे बघूनच गायलेला. तो घामाघूम होऊन वळला. पहिल्या वेळी बांगड्या वाजल्या, तर दगडाबाईनं साऱ्या बायकांना हात पदरात गुंडाळायला लावले. दुसऱ्या वेळी गाण्यातली बस निघून गेली तसं तिला राहवलं नाही. “आरं, जीपला हात करायचा की,” ती म्हणाली, आणि सगळी खोली हसली. तिसऱ्या वेळी महारुद्र सरळ तिलाच सांगू लागला, बस कशी गेली, आपण कसे उभे राहिलो. मधेच त्याचा आवाज किंचित हसला. वैजयंतीनं लगेच ते जुन्याला जोडून ऐकलं.

घोळ पुढेच होता. आवाज आता जुळत होता, पण या जिवंत अर्ध्यापुढे संक्रांतीचं अर्धं गाणं पाठ केलेल्या धड्यासारखं वाटू लागलं. वैजयंतीनं ते पुसून टाकलं आणि सगळं गाणं पहिल्यापासून घ्यायचं ठरवलं. अप्पांनी कुरकुर न करता लिंबाचं सरबत मागवलं. मंडळी जितका वेळ बसतील तितका बस्ता वाढेल, हा त्यांचा हिशेब, आणि तो खरा ठरला.

गाणं बाहेर पडलं आणि परभणीत बऱ्यापैकी गाजलं. दगडाबाईचा जीपचा सल्ला मधे जोडावा म्हणून सिद्धोधन अडून बसला होता, वैजयंतीनं तो घेतला नाही. अप्पांनी गाणं दोनदा ऐकून “पोत चांगला हाय, अस्तर कमी हाय” असा अभिप्राय दिला. त्याचा अर्थ तिला अजून लागलेला नाही. त्यांनाही लागला असेल असं वाटत नाही.

महारुद्रला मात्र आता रिकाम्या खोलीत गाता येत नाही. दिवाळीचा माल येऊन कप्पे भरले, तरी तो दुकानातून दोन-तीन गिऱ्हाइकं आत बोलावतो आणि मगच तोंड उघडतो. ज्या लग्नाचा तो बस्ता होता, त्यात गायचं आमंत्रण त्याला तेव्हा दगडाबाईनंच दिलं होतं. वैजयंती फोनवर म्हणाली, “ते बसचं गाणंच म्हनायचं ना मावशी?”

“ते सोडून काय बी म्हना,” दगडाबाई म्हणाली. “वऱ्हाड यष्टीनं येनार हाय.”