मशीन पुसून द्यायची सवय

अर्जुनराव घोगरे मूळचे कळंबकडचे. चाकणच्या एका कंपनीत उभा जन्म ट्रकचे ॲक्सल बनवत आले, पण ट्रकच्या स्टिअरिंगला त्यांचा हात काही लागला नाही. तो लागला रिटायर झाल्यावर, तळवड्याच्या दोन खोल्यांच्या घरात, आणि तोही कॉम्प्युटरवर. मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. त्यात ट्रक चालवायचा एक गेम होता. माल भरायचा, परदेशातल्या रस्त्यांनी न्यायचा, उतरवायचा, की पुढची फेरी. ज्या माणसाची निम्मी हयात कंपनीच्या बसमध्ये, चाकणच्या तळेगाव चौकात अडकून गेली, त्याला ते मोकळे रस्ते बघून काय झालं असेल, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

बाकी माणूस शिस्तीचा. गेममध्येसुद्धा सिग्नल तोडत नसत. लाल दिव्यापाशी थांबून चहाचा घोट घेत. दुपारची जेवणं उरकली, की त्यांच्या बायको छबूबाई शेजारी खुर्ची ओढून बसत. मांडीवर निवडायची भाजी, नजर पडद्यावर. "आवं, जरा हळू घ्या की, ती पवनचक्की बघू द्या," असं मधूनमधून चालायचं. ट्रक बोटीत चढवून समुद्र ओलांडायचा प्रकार तर त्यांना इतका आवडे, की माल कुठलाही असो, अर्जुनराव वाट वाकडी करून बोटीनंच जात. जो रस्ता एकदा चालवला तो नकाशात उजळायचा, बाकीचे अंधारात राहायचे. घोगऱ्यांचा नकाशा जवळजवळ सगळा उजळला होता. उत्तरेचा एक कोपरा राहिला होता, तो दिवाळीपर्यंत करू, असं दोघांचं ठरलं होतं.

तेवढ्यात कॉम्प्युटर रुसला. चालू होईपर्यंत चहा गार व्हायचा, आणि भर रस्त्यात ट्रकसकट सगळं निळं पडायचं. त्यांची भाची योगिनी तळवड्याच्याच आयटी पार्कात कामाला. ती येऊन बघून म्हणाली, "मामा, विंडोज नव्यानं टाकावं लागेल."

"म्हंजी फॉरमॅट?" अर्जुनरावांचा चेहराच पडला. "आन् गेम?"

"गेम डी ड्राइव्हवर आहे ना? मग कशाला काळजी करता? मी फक्त विंडोज असलेला सी ड्राइव्ह पुसणार. डीला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. नंतर नव्या विंडोजला गेमचं फोल्डर दाखवलं, की झालं. रविवारी येते."

शनिवार अर्जुनरावांनी सत्कारणी लावला. कारखान्यात एक रीत असते. मशीन दुरुस्तीवाल्यांच्या ताब्यात द्यायचं, तर ऑपरेटरनं ते आधी लख्ख पुसून द्यायचं. लोखंडाच्या किसाचा ट्रे रिकामा, तेलाचे डाग साफ, कडेचा फालतू पसारा उचललेला. घाण मशीन दुसऱ्याच्या हाती देणं ही लाजेची गोष्ट. उद्या पोरगी मशीन उघडणार आणि आत हा उकिरडा! म्हणून त्यांनी डीवरच्या गेमला लांबूनच नमस्कार केला आणि सी आवरायला घेतलं. मुलाचे फोटो नीट डीवर नेऊन ठेवले. डॉक्युमेंट्समध्ये गेमच्याच नावाचं एक फोल्डर दिसलं, आत नुसते आकडे आणि इंग्रजी. गेम तर डीवर आहे, मग हे इथं सांडलेलं असणार, असा हिशेब करून त्यांनी ते उडवलं. जाता जाता कचरापेटीही रिकामी केली. ट्रे भरलेला ठेवून शिफ्ट सोडायची त्यांना सवयच नव्हती.

रविवारी योगिनीनं डॉक्युमेंट्स पेनड्राइव्हवर घ्यायला म्हणून उघडलं, तर ते रिकामं. "वा मामा, सगळं डीवर हलवलंत सुद्धा!" ती म्हणाली आणि कामाला लागली. मामा खुशीत. सी पुसलं गेलं, विंडोज नवं आलं, डीवरचं फोल्डर दाखवल्याबरोबर गेमही सुरू झाला. आणि त्यानं ओळखपाळख नसल्यासारखं विचारलं, ड्रायव्हरचं नाव काय?

योगिनीनं डी धुंडाळलं. "मामा, त्या गेमच्या नावाचं फोल्डर कुठं ठेवलंत? गेम डीवर असतो, पण तुम्ही आजवर जे चालवलंत त्याची नोंद सीवरच्या त्या फोल्डरात असते."

"त्ये तर पुसलं," अर्जुनराव म्हणाले. "तू येणार म्हणून."

तिनं फाइल परत आणायचे होते नव्हते ते उपाय करून पाहिले. काही हाती लागलं नाही. मी आधी विचारायला हवं होतं, म्हणून ती रडकुंडीला आली, तर उलट यांनीच तिची समजूत घातली. "मशीन झकास चालतंय गं," म्हणाले आणि तिला चहा पाजून वाटेला लावलं.

छबूबाई त्या दिवशी बहिणीकडे चऱ्होलीला गेल्या होत्या. त्या आल्यापासून अर्जुनराव ट्रककडे फिरकेनात. रोज दुपारी नवं निमित्त. कधी डोळे चुरचुरतात, कधी पाठ धरलीय. माणूस आतून पार मोडला होता, आणि तो काही ट्रकपायी नाही. शिफ्ट आणि ओव्हरटाइमच्या नादात आपण बायकोला उभ्या जन्मात कुठं नेलं नाही, नेलं ते एवढंच, आणि तेही आपल्याच हातानं पुसून टाकलं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

शेवटी एका दुपारी छबूबाईंनीच कॉम्प्युटर चालू केला. "बसा हितं. किती दिस सोंग करताव?"

अर्जुनराव बसले, आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. छबूबाईंनी ऐकून घेतलं. नकाशा उघडायला लावला. सगळा अंधार होता.

"म्हंजी पयल्यापासनं?"

"व्हय. पार पयल्यापासनं."

"मग बरंच झालं की." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "मी हितं बसाय लागले, तवा तुमचं निम्मं फिरून झालं होतं. तवर तुमी एकलेच हिंडत होता अन् मी आत चुलीपाशी. कुठनं निघाला, काय काय बघितलं, मला काय ठावं? ह्या टायमाला मला घेऊन निघा."

अर्जुनरावांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि माऊस हातात घेतला.

"सांगा," छबूबाई म्हणाल्या, "पयली फेरी कुठली केली होती तुमी?"

अर्जुनरावांनी खूप आठवून पाहिलं. एकट्यानं केलेली ती फेरी त्यांना काही केल्या आठवेना.